बरणीवरच्या चार ओळी

समुद्राचा वसंत मार्गशीर्षात येतो. हे मी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यापुरतं बोलते आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ, लाटांचा मार अखंड, आणि खाड्यांतून उतरणाऱ्या पुरामुळे किनाऱ्यालगतचा खारटपणाही कमी झालेला. कातळ जवळजवळ बोडके होतात. आश्विनात पाणी निवळतं, खडकांच्या फटींतून बारीक अंकुर दिसू लागतात, आणि मार्गशीर्ष-पौषात ओहोटीला उघडा पडलेला कातळ पाय ठेवायला जागा उरू नये इतका झाकून जातो. चैत्रात तेच शेवाळ उन्हाने फिकट पडतं आणि ज्येष्ठातल्या पहिल्या वादळात उपटून किनाऱ्यावर ढीग होऊन कुजतं. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत महिन्यांतला मार्गशीर्ष आपण आहोत असं सांगतात आणि ऋतूंतला वसंतही आपणच असं सांगतात. जमिनीवर या दोन गोष्टींमध्ये काही महिन्यांचं अंतर पडतं, म्हणून टीकाकारांना दोन्हींची वेगवेगळी कारणं द्यावी लागली. आमच्या किनाऱ्यावर ती द्यावी लागली नसती.

अपवाद आहेच. जपानी लोक ज्याची नोरी करतात त्या पोर्फायराची एक जात आपल्याकडे आहे, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. बाकी सगळं वाहून गेलेलं असताना ही ऐन पावसाळ्यात, भरतीचे तुषार उडतात त्या पट्ट्यात उभ्या खडकाला चिकटलेली असते. जांभळट, पातळ, आणि विलक्षण निसरडी. आषाढात ती गोळा करायला जाणं माझ्या घरी कोणालाच कधी पसंत पडलं नाही.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. लाल शेवाळ हा माझा विषय. ग्रॅसिलारिया, हिप्निया, जेलिडियम ही माझी रोजची मंडळी. ती गोळा करायची तर ओहोटी पूर्ण उतरलेली हवी, म्हणजे दिवस उधाणाचे हवेत. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यातून सहा तास मागे गेलं की पहाटेची ओहोटी. प्रयोगशाळेच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं पाहून बाहेरून आलेले परीक्षक गालात हसायचे. मी ते देवाधर्मासाठी टांगलेलं नव्हतं, आणि तरी सगळ्या मोसमांत माझ्याइतकी अमावास्या-पौर्णिमा कोणी पाळली असेल असं वाटत नाही.

त्या वेळेला कातळावर कालवं काढणाऱ्या बायकाही यायच्या. त्यांना माझ्या पिशव्यांचं नवल वाटे, कारण ज्यात खायला काही नाही ते मी जपून भरून नेत असे. एकदा एकीने विचारलं, "मॅडम, ह्या गवतात औषद आसा?"

"आसा," मी म्हटलं. "पण बारमास नाय."

ती हसली. "मगे औषद गवतात खंय आसा? ता म्हयन्यात आसा म्हणा की."

माझ्या उत्तरातली फट तिने नेमकी पकडली होती. वस्तूचा गुण वस्तूत असतो की काळात? वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न येत नाही. आपल्या दर्शनांमध्ये येतो, आणि तिथे त्यावर कडाक्याची भांडणं झालेली आहेत.

आधी मी काय करत होते ते सांगते. शेवाळ धुवायचं, त्यात लपलेले बारीक शंख आणि कुरल्या वेचून काढायच्या, सावलीत वाळवायचं, कुटायचं, मग मिथेनॉलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये भिजवून अर्क काढायचा. द्रावक उडून गेलं की तळाशी गडद चिकट साका उरतो. त्याचा थेंब कागदाच्या छोट्या चकतीवर घ्यायचा, आणि काचेच्या बशीत अगारच्या थरावर जिवाणू पसरून त्यावर ती चकती ठेवायची. 37 अंशांवर एक रात्र गेली की सगळी बशी जिवाणूंच्या वाढीने दुधाळ होते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ वलय राहतं. ते वलय मिलिमीटरमध्ये मोजायचं. गळवं आणणारा स्टॅफिलोकॉकस बहुधा लवकर हार मानतो. ई. कोलायच्या पेशीला बाहेरून एक जादा आवरण असल्यामुळे तो बऱ्याचदा दाद देत नाही.

ती बशी हातात घेतली की मला एका गमतीची आठवण व्हायचीच. ज्या अगारवर जिवाणू वाढवायचे तो अगारही लाल शेवाळातूनच निघतो. बाजारात आपण त्याला चायनाग्रास म्हणतो आणि उपासाच्या दिवशी त्याची जेली करतो. 1881 पर्यंत रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जिवाणू ते खाऊनही टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्थर हेसची पत्नी फॅनी हिने अगार सुचवला. तिच्या जेल्या उन्हाळ्यातही टिकत, आणि ही युक्ती तिला जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून मिळालेली होती. कॉखने 1882 च्या क्षयरोगावरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीचा केला नाही. ते असो. माझ्या बशीत जिवाणूंचं अंगणही लाल शेवाळाचं होतं आणि त्यांचं मरणही लाल शेवाळाचं. एकाच कुळाचा पदार्थ पोसतोही आणि मारतोही. तेव्हा "लाल शेवाळ जंतुनाशक आहे" हे वाक्य मला बशी उचलल्या उचलल्याच लंगडं वाटायचं.

त्यात ऋतूची भर. एकाच कातळावरची एकच जात, तोच हात, तोच अर्क, तीच बशी. आणि पौषातल्या नमुन्याचं वलय ठसठशीत तर चैत्रातल्याचं पुसट. तेवढ्यावर थांबलं असतं तर थंडीतलं शेवाळ गुणकारी असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण दुसरी जात घेतली की गणित उलटायचं. जगभरच्या अभ्यासांतही हेच दिसतं. कुठे वसंतातला अर्क सरस ठरतो, कुठे शरदातला. भूमध्य समुद्रातलं उत्तर हिंदी महासागराला लागू पडत नाही. कारणं मात्र कळण्यासारखी आहेत. पाण्यात नायट्रोजन भरपूर असला की शेवाळ वाढीच्या मागे लागतं आणि प्रथिनं साठवतं. तो आटला आणि ऊन मात्र भरपूर राहिलं की तयार झालेल्या कार्बनचं दुसरं काहीतरी करावं लागतं, आणि त्यातून फिनॉलसारखी संरक्षक द्रव्यं साठतात. खाणारे किडे-गोगलगायी कोणत्या महिन्यात वाढतात, अंगावर किती परजीव बसतात, हेही त्यात येतं. आणि स्वतः शेवाळ तेव्हा वयाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हेसुद्धा.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर काँड्रस क्रिस्पस नावाचं लाल शेवाळ असतं. त्याच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात, आणि त्या दिसायला इतक्या सारख्या की नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढणं कठीण. पण दोन्हींच्या अंगातलं कॅरागीनन वेगळं असतं. एकीतलं गोठून घट्ट होतं, दुसरीतलं गोठतच नाही. रूप एक, नाव एक, आणि गुण दोन.

माझे मामंजी वैद्य होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचा मला थोडा रागच आला. ते म्हणाले, "काळ दोन प्रकारचा, हे चरकाने विमानस्थानात सांगितलंय. एक संवत्सर, एक रोग्याची अवस्था. तू संवत्सर मोजलास, अवस्था आत्ता मोजते आहेस." मग त्यांनी कल्पस्थानाचा पहिला अध्याय काढून दाखवला. कोवळ्या फांद्या आणि पानं वर्षा-वसंतात घ्यावीत, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, झाडाचा गाभा हेमंतात, फुलं-फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या अंगांसाठी वेगवेगळे ऋतू. यादी जमिनीवरच्या झाडांची आहे, शेवाळाची नाही. पण ज्याने ती केली त्याने झाड ही एकच एक वस्तू मानलेली नव्हती, हे उघड आहे.

चरकसंहितेतला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग मात्र विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पांचाल देशात, काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठच्या रानात, उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. ते अग्निवेशाला सांगतात की ग्रह-नक्षत्रं, वारा, ऋतू यांची लक्षणं बिघडलेली दिसताहेत; लवकरच जमिनीतला रस जाईल आणि औषधींचं वीर्यही; तेव्हा साथ येण्याआधी औषधी उपटून ठेवा. रोग यायचा असतो तेव्हाच औषध दुबळं होतं, कारण दोघांना बिघडवणारी कारणं तीच: वायू, पाणी, देश आणि काळ. हे वाचून मला सिडनी आठवलं. त्या गोष्टीकडे येतेच.

पण आधी ते भांडण. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. जे नाही ते कधी होत नाही. म्हणजे चैत्रातल्या शेवाळातही जंतुनाशक गुण आहेच, फक्त अव्यक्त. आजचा जीवशास्त्रज्ञ यावर लगेच मान डोलावेल, कारण तो द्रव्य बनवण्याची सूचना पेशीच्या जनुकांत बारा महिने असतेच. मला हे पटत नाही. क्षमता असणं आणि गुण असणं यांत मला फरक दिसतो, आणि तो बारीकसारीक नाही. माझ्या बशीत क्षमतेने वलय पडत नाही. चरकाने वीर्य म्हणजे ज्याने कार्य घडतं ते, असं म्हटलं आहे. घडलं नाही तर त्याच्या हिशोबी वीर्य नाही. अव्यक्त गुणाचा हिशोब तत्त्वज्ञाने खुशाल ठेवावा, ताप आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

वैशेषिक माझ्या मनाच्या जवळ येतात. त्यांच्या नऊ द्रव्यांत पृथ्वी, पाणी, तेज, वायू यांच्या रांगेत काळ चक्क एक द्रव्य म्हणून बसतो. आणि त्यांना बदलाची काळजी होती. कच्चं मडकं काळं असतं, भट्टीत गेलं की लाल होतं. जुना रंग गेला कुठे, नवा आला कुठून? वैशेषिकांचं म्हणणं असं की मडकं भट्टीत अणूंपर्यंत सुटं होतं, अणू भाजले जातात आणि मग पुन्हा जुळतात. नैयायिक म्हणाले, छे, अख्खं मडकंच भाजलं जातं. या वादावर पिढ्यान्पिढ्या ग्रंथ झाले. आज आपण हसतो, पण प्रश्न खरा आहे: गुण बदलला तर वस्तू तीच राहिली का?

तरीही वैशेषिकांचा काळ माझ्या कामाचा नाही. त्यांचा काळ एक, अखंड, सर्वव्यापी, आणि जन्मणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं साधारण कारण. जे सगळ्याचंच कारण आहे ते हिप्नियाच्या पौषातल्या वलयाचं वेगळं कारण कसं ठरणार? ऋतू हा असला कोरा काळ नव्हेच. ऋतू म्हणजे पाण्यात किती मीठ, किती ऊन, किती अन्न, किती शत्रू. त्या कालवं काढणाऱ्या बाईचा महिना वैशेषिकांच्या काळापेक्षा भरलेला होता.

आता सिडनी. तिथल्या किनाऱ्यावर डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शेवाळ आहे. समुद्रातल्या ब्रोमाइडचा उपयोग करून ते फ्युरॅनोन नावाची द्रव्यं बनवतं आणि ती पृष्ठभागावर आणून ठेवतं. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या पीटर स्टाइनबर्ग आणि स्टाफान केलबर्ग यांच्या गटाने 1990 नंतरच्या दशकात याचा छडा लावला. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या कामातून जे दिसलं ते वाचून मी प्रयोगशाळेत जागच्या जागी उभी राहिले होते. जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात. आपण पुरेसे जमलो आहोत असं कळलं की मगच पृष्ठभागावर थर धरतात, हल्ला करतात. फ्युरॅनोन हे निरोप पोहोचू देत नाहीत. जिवाणू जिवंत राहतो, त्याला फक्त सोबत्यांचा पत्ता लागत नाही. माझ्या मिलिमीटरच्या पट्टीवर हा गुण दिसलाच नसता, कारण वलय मेलेल्यांचं पडतं, गोंधळलेल्यांचं पडत नाही.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे 2011 च्या सुमारास स्पष्ट झाली. उन्हाळ्यात पाणी तापलं की या शेवाळाचे शेंडे पांढरे पडतात. तेव्हा त्याच्यातली फ्युरॅनोनही कमी झालेली असतात. आणि नॉटेला नावाच्या गटातला एक जिवाणू तापलेल्या पाण्यात, संरक्षण उतरलेल्या शेवाळावर रोग निर्माण करतो. पाणी थंड असताना तोच जिवाणू त्याच शेवाळाचं असं काही करत नाही. म्हणजे ऋतू फक्त शेवाळाला लागू नाही, शत्रूलाही आहे. शत्रू असणं हाच मुळी त्याचा बारमाही धर्म नाही.

हे कळल्यावर माझ्या बशीतला दोष मला स्पष्ट दिसला. बशीतला स्टॅफिलोकॉकस मी वर्षभर तोच, त्याच 37 अंशांवर, त्याच अगारवर वाढवत होते. त्याला पौष नव्हता, चैत्र नव्हता. ऋतू मी एकाच बाजूला ठेवला होता. एका पक्षाला काळ आणि दुसऱ्याला शाश्वतपण देऊन लावलेली ही झुंज होती. जगातल्या बहुतेक सगळ्या प्रयोगशाळा हेच करतात आणि तुलना करायची तर करावंही लागतं. पण तिच्यातून "या शेवाळाचा गुण" निघतो असं म्हणणं जास्त होतं. निघतो तो कालवश शेवाळाचा कालातीत जंतूशी झालेला व्यवहार, आणि असा जंतू समुद्रात कुठे नाही.

आत्रेयाने साथीचं मूळ शेवटी अधर्मात दाखवलं आहे. वारा-पाणी-देश-काळ बिघडतात ते माणसांच्या अधर्मामुळे. समुद्र कोण तापवतं आहे हे आपल्याला माहीत असल्यामुळे या वाक्याला आज सभेत टाळ्या पडतील. मला ती उडी घ्यायला संकोच वाटतो. आत्रेयाचा अधर्म राजापासून प्रजेपर्यंत उतरणारा नैतिक ऱ्हास आहे. कोळशाचा धूर त्याच्या मनात नव्हता. जुन्या ग्रंथांत आजची प्रमेयं सापडली की आपल्याला जो आनंद होतो त्याने ग्रंथही नीट वाचला जात नाही आणि प्रमेयही. त्याने औषध आणि रोग एकाच बिघाडाखाली मांडले, एवढं मला पुष्कळ आहे.

वस्तू तीच राहिली का, हा प्रश्न मडक्याच्या बाबतीत थोडा करमणुकीचा आहे. लाल शेवाळाच्या बाबतीत त्याने माणसं उपाशी ठेवली होती. जपानचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या नोरी पिकवत होते. हिवाळ्यात ती जाळ्यांवर उगवे, उन्हाळ्यात नाहीशी होई, आणि तिचं बी कुठून येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एखाद्या वर्षी उगवली तर उगवली. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक कोसळलं. इकडे युरोपात 1892 पासून शिंपल्यांच्या कवचात शिरून राहणारा एक गुलाबी धागा शास्त्रज्ञांना माहीत होता. त्याला कॉन्कोसेलिस रोझिया असं स्वतंत्र नाव होतं. मँचेस्टरला काम करणाऱ्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी 1949 मध्ये दाखवून दिलं की हा धागा म्हणजे पोर्फायराच. वर्षाच्या एका भागात पातळ जांभळं पान, दुसऱ्या भागात शिंपल्यातला धागा. दोन नावं, दोन रूपं, आणि जगण्याच्या दोन तऱ्हा असलेली एकच वस्तू. जपानी शास्त्रज्ञांनी ते उचललं, शिंपल्यांत धागा वाढवायला घेतला, आणि नोरीची शेती नशिबाच्या हातून सुटली.

या बाईंचं लग्न झालं म्हणून 1928 साली विद्यापीठाची अध्यापकाची नोकरी गेली होती आणि पुढे त्या बिनपगारी संशोधन करत राहिल्या, हे इथे सांगायचं कारण नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जपानला त्या कधी गेल्या नाहीत. 1957 मध्ये वारल्या. उतो शहरात सुमियोशी देवस्थानाच्या परिसरात, आरिआके समुद्राकडे तोंड करून, शेतकऱ्यांनी 1963 मध्ये त्यांचं स्मारक उभं केलं आणि दरवर्षी 14 एप्रिलला तिथे त्यांचा उत्सव होतो. समुद्राची आई म्हणतात त्यांना. ज्या देशात पाय ठेवला नाही तिथे पूजा, आणि तीही एका निबंधासाठी! आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, तो उधाण ओसरावं, होड्या सुखरूप परत याव्यात म्हणून. उतोचे लोक आभार मानतात ते अदृश्य झालेली वस्तू कुठे असते हे दाखवून दिल्याबद्दल. मला विचाराल तर दोन्ही पूजा काळाच्याच आहेत. एकीत ऋतू पालटल्याचा मान आहे, दुसरीत ऋतू पालटला तरी न तुटलेल्या धाग्याचा.

सांख्यांच्या अव्यक्ताला मी मघाशी झटकलं, ते इथे अडतं, हे मला दिसतं आहे. शिंपल्यातला धागा म्हणजे उन्हाळ्यातलं अव्यक्त पानच की. पण इथेही ते नुसतं लपून बसलेलं नसतं. धाग्याला त्याचं स्वतःचं जगणं आहे, त्याचे स्वतःचे गुण आहेत. पान होण्याची वाट पाहत तो थांबलेला नाही.

मार्ग दाखवला तो आमच्याच महाविद्यालयातल्या अर्धमागधीच्या सरांनी. ते कोल्हापूरकडचे जैन. त्यांच्या वर्गात विद्यार्थी मोजके, त्यामुळे ते बऱ्याचदा माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसत. बशा बघायला त्यांना आवडत नसे, एवढे जीव मुद्दाम वाढवून मारायचे म्हणून. खिडकीकडे तोंड करून बसायचे. एकदा मी बरण्यांना चिठ्ठ्या लावत होते. कोणत्याही नमुन्याच्या बरणीवर चार गोष्टी लिहाव्या लागतात: जातीचं नाव, ठिकाण, तारीख, आणि अवस्था, म्हणजे बीजाणू धरलेले आहेत का, कोवळं आहे की जून. सर वाकून बघत म्हणाले, "मॅडम, हे मल्लिषेणाचं आहे."

तेराव्या शतकाच्या अखेरीस मल्लिषेण नावाच्या जैन आचार्यांनी स्याद्वादमंजरी लिहिली. त्यात घड्याचं उदाहरण येतं. घडा आहे, असं म्हणताना काय म्हणायचं असतं? द्रव्याने तो मातीचा म्हणून आहे, पाण्याचा म्हणून नाही. क्षेत्राने पाटलीपुत्रातला म्हणून आहे, कान्यकुब्जातला म्हणून नाही. काळाने शिशिरातला म्हणून आहे, वसंतातला म्हणून नाही. भावाने काळा म्हणून आहे, लाल म्हणून नाही. या चार गोष्टी न सांगता नुसतं "आहे" म्हणणं जैनांना अपुरं वाटतं. चुकीचं नव्हे, अपुरं. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव: माझ्या चिठ्ठीच्या चार ओळी, त्याच क्रमाने.

मी बराच वेळ ती चिठ्ठी हातात घेऊन उभी होते. विद्यार्थ्यांना मी नेहमी बजावायची की तारीख नसलेला नमुना फेकून द्या. कारण विचारलं तर शिस्त एवढंच सांगायची. खरं कारण असं की तारीख ही नमुन्याबद्दलची माहिती नसून नमुन्याचाच भाग आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत समुद्री शेवाळाची भुकटी प्रतिकारशक्तीसाठी म्हणून मिळते. डब्यावर शेवटच्या वापराची तारीख ठळक असते. ते कोणत्या महिन्यात, कोणत्या कातळावरून काढलं हे कुठेच नसतं. मल्लिषेणाच्या हिशोबी त्या डब्यात काय आहे हे अजून कोणी सांगितलेलंच नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे सगळंच सापेक्ष, मग बोलायचं कशाला? जैनांवर हा आरोप जुना आहे. मला तो लागू वाटत नाही. चार ओळी भरल्या की विधान पक्कं होतं, त्याची परीक्षा घेता येते, ते खोटंही ठरू शकतं. पौषातलं, कुणकेश्वरच्या कातळावरचं, बीजाणू धरलेलं हिप्निया स्टॅफिलोकॉकसला रोखतं, या वाक्यात काय मोघम आहे? मोघम आहे ते "शेवाळ औषधी असतं" हे.

मात्र सरांशी माझा एक वाद राहिला. सिडनीची गोष्ट वाचल्यापासून मी चिठ्ठीवर पाचवी ओळ वाढवायला लागले: कोणाविरुद्ध. गुण ज्याच्यावर चालतो त्याचंही नाव हवं, आणि शक्य असेल तर त्याच्याही चार ओळी हव्यात, त्याचं पाणी, त्याचा महिना. सरांचं म्हणणं, पाचव्या ओळीची गरज नाही. वस्तूचे पर्याय अनंत असतात आणि दुसऱ्याशी असलेला संबंधही त्यांतच मोडतो, म्हणून तो भावातच आला. मी म्हटलं, तसं असेल तर चौथी ओळ कधी संपायचीच नाही, कारण समुद्रात संबंध किती! ते म्हणाले, नाहीच संपत, केवलज्ञान्यालाच ती पुरी दिसते. मी म्हटलं, माझ्या चिठ्ठीची रुंदी दोन इंच आहे. ते म्हणाले, तेवढ्यात मावेल तेवढं लिहा आणि आधी "स्यात्", म्हणजे 'एका अपेक्षेने', असं लिहा.

मी "स्यात्" लिहीत नाही. पाचवी ओळ अजून लिहिते, आणि जंतूचा महिना लिहायची वेळ आली की तिथे बहुतेक वेळा काही लिहिता येत नाही.